चिंच लागलेला मणी

सोन्याचा मी कधीच नव्हतो, मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. मी एक जुना पितळेचा मणी आहे. बोराएवढा, आतून पोकळ आणि वरून सोन्याचं पाणी दिलेला. बोरमाळेतला मणी म्हटलं की लोक आधी सोनाराकडे बघतात आणि मग माझ्याकडे. बघू देत बापडे.

माझा जन्म ग्वाल्हेरचा. संस्थानाचं राज्य होतं तेव्हा महाराज बाडा चौकामागच्या एका बोळात इंदुताईंनी दोन बोरमाळांचे मणी घडवून घेतले. मुलामा देणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने आम्हाला एकदा नाही, दोनदा पाणी दिलं. एकदाच दिलेलं पाणी दोन-तीन वर्षांत उडून जातं. दोनदा दिलेलं, नीट सांभाळलं तर, पंधरा-वीस वर्षं हलत नाही. आम्हाला इंदुताईंच्या हाती देताना तो म्हणाला, "बाईसाहब, बस खटाई से बचाना." आंबटापासून तेवढं जपा, म्हणजे झालं.

ओवायचं काम इंदुताईंनी दाना ओली मोहल्ल्यातल्या घरी बसून स्वतः केलं. दर दोन मण्यांमध्ये एक गाठ मारली. शेजारणींनी विचारलं, एवढा खटाटोप कशाला? पण मण्याला मणी घासला की मुलामा आधी भोकाच्या कडेचा जातो आणि आतलं पितळ डोकावायला लागतं. इंदुताईंना ते ठाऊक होतं. त्यामुळे आम्ही जन्मभर शेजारी राहिलो आणि एकदाही एकमेकांना लागलो नाही.

या माळा कुणा बाईच्या गळ्यात पडायच्या नव्हत्या. घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसायच्या, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्या दोघींसाठी या दोन माळा होत्या. देवीला घाम येत नाही, मित्रांनो! हळदीकुंकवाचे कण अंगावर उडाले तर इंदुताई मलमलच्या फडक्याने पुसायच्या आणि कापसात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. तीन दिवस मिरवायचं आणि उरलेलं वर्ष झोपायचं. याहून सुखाची नोकरी कुणाला असेल तर मला सांगा. आम्ही डब्यात झोपलेले असतानाच संस्थान गेलं आणि मध्यभारत राज्य आलं. आम्हाला त्याचा पत्ताही लागला नाही.

मग सन छप्पन उजाडलं. मध्यभारतही जाणार आणि नव्या राज्याची राजधानी भोपाळला होणार, असं ठरलं. इंदुताईंचा धाकटा मुलगा गोविंद सरकारी कचेरीत होता. कचेरी निघाली, म्हणजे तोही निघाला, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको दुर्गा; थोरली सून सुधा ग्वाल्हेरलाच राहणार होती. दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड हलवायचं होतं.

दुर्गाला एकच ध्यास लागला होता. परक्या गावात आपल्या घरी महालक्ष्म्या बसाव्यात. पण या घरची रीत अशी की वेगळ्या महालक्ष्म्या बसवायच्या तर घरातल्या मोठ्या बाईने आपल्या हाताने देवीचा एक दागिना द्यायचा. तो मिळाला नाही तर बसवायच्याच नाहीत. दुर्गाने विचारलं तेव्हा इंदुताई एवढंच म्हणाल्या की सण पार पडू दे, मग बघू. ही आपली परीक्षा आहे, हे पोरीने ओळखलं आणि कंबर कसून कामाला लागली.

त्या वर्षी मुखवटे घासायचं काम पहिल्यांदा तिच्याकडे आलं. मुखवटे पितळेचे. तिने चिंच भिजवली, राख घेतली आणि असे लखलखीत केले की मी बघतच राहिलो. मग तिचं लक्ष आमच्या डब्याकडे गेलं. वर्षभर पडून आम्ही जरा मंद दिसत होतो. हीसुद्धा पितळेचीच, असं म्हणत तिने आमची माळ चिंचेच्या पाण्यात बुडवली आणि राखेने खसाखसा चोळली. काय सांगू! अठरा वर्षं सांभाळलेलं सोनं चार मिनिटांत गेलं. माझी एक बाजू पार उघडी पडली. दुसरी माळ डब्यात होती म्हणून वाचली.

दुर्गाने माळ गोविंदला दाखवली. त्याने तिला सुचवलं, उघडे मणी मागे फिरव, वर देवीचा पदर येऊ दे, कुणाला कळतंय? तिने आम्हाला फिरवूनही पाहिलं. खरं सांगतो, तेव्हा मला तिचा राग आला होता. पण मग ती उठली आणि माळ घेऊन थेट स्वयंपाकघरात गेली.

"आई, माझ्याकडून गलती झाली," ती म्हणाली. "मी माळ चिंचेने घासली."

इंदुताईंनी हातातलं पुरण खाली ठेवलं आणि तिला चांगलं फैलावर घेतलं. विचारायला तोंड नव्हतं का, वगैरे सगळं झालं. बोलता बोलता त्या मधेच थांबल्या. कारागिराचं बोलणं अठरा वर्षांत त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. माळा सांभाळणं आपल्याशिवाय कुणाला जमायचं नाही, असाच त्यांचा समज होता. त्या हात धुऊन आल्या. दोरा चिंचेने खराब झाला होता, म्हणून त्यांनी दुर्गाला समोर बसवलं आणि आम्हाला पुन्हा ओवायला घेतलं. गाठ कशी मारायची, किती ओढायची, हेही दाखवलं. दुर्गा मला मागे टाकत होती. इंदुताईंनी मला उचललं आणि मधोमध घातलं.

दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या शेजारच्या शांताताईंनी विचारलंच, ही माळ अशी कशी झाली? सुनेने चिंचेने घासली, असं इंदुताईंनी चारचौघांत सांगून टाकलं. दुर्गा मान खाली घालून वाढत राहिली. भोपाळच्या महालक्ष्म्या गेल्याच, असं तिने गृहीत धरलं. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठवल्या. दुर्गाने आम्हाला मलमलने पुसलं, कापसात गुंडाळलं आणि डबा उघडला.

"डब्यात नको," इंदुताई म्हणाल्या. माळ त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि दुर्गाच्या ओंजळीत ठेवली. "भोपाळच्या सामानात ठेव."

"पण आई, ही तर मी बिघडवली!"

"म्हणूनच. चांगली माळ सुधाकडे राहील. थोरली असली तरी तिला दरवर्षी सांगावं लागेल, चिंच लावू नको. तुला आता जन्मात कुणी सांगायला नको."

दुर्गा तिथेच रडली आणि रडता रडता हसली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणीतरी डब्यात असेल. त्याला घाम, अत्तर, आंबट लागू देऊ नका. मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. आणि चूक झालीच तर मागे फिरवून पदराखाली लपवू नका. मी भोपाळला गेलो त्याला आता कितीतरी भाद्रपद झाले. दुर्गाच्या हाताखाली माझं उरलेलं अर्धं सोनं अजून तसंच आहे.