दोन्ही डावे

कॅनडातल्या लुनेनबर्गची व्हर्ना झ्विकर लोकरीचे हातमोजे विणून एका ऑनलाइन बाजारात विकायची. दुकान म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल आणि जुना लॅपटॉप. नोव्हेंबरात टपाल कर्मचाऱ्यांचा संप झाला, त्याच्या आदल्याच दिवशी तिने सस्कॅचवानच्या ऑरविल फ्रीझन नावाच्या गिऱ्हाइकाचं पार्सल रवाना केलं होतं. ते वाटेत कुठेतरी कुलपाआड अडकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारवाल्यांचा निरोप आला: संपाच्या काळात विक्रेत्यांना संरक्षण आहे, तुम्हाला काहीही करायचं नाही. संध्याकाळी दुसरा आला: संरक्षण टिकवायचं असेल तर माल पाठवायची मुदत वाढवा.

"काही करायचं नाही म्हणाले ना? मग हे काय?" व्हर्ना नवऱ्याला म्हणाली.

"आधी काही न करता बघ," गार्नेट चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "नाही जमलं तर मुदत वाढव."

"तुला विचारलं हेच चुकलं माझं."

तिने मुदत वाढवली. दोन दिवसांनी तिने फ्रीझनला पाठवलेल्या जोडासारखाच खणातला दुसरा जोड काढला. तशीच राखाडी लोकर, पाठीवर तसेच निळे मासे. तो बघताना ती थबकली.

"गार्नेट, हा कुठल्या हाताचा?"

"उजव्या."

"आणि हा?"

"हाही उज... अरे देवा! म्हणजे तिकडे दोन्ही डावे गेले?"

व्हर्नाने मदत विभागाला सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं: काळजी नसावी, उशिराची तक्रार तुमच्या नावावर लागणार नाही.

"उशिराचं कोण विचारतंय यांना!" तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. फ्रीझनला आधीच सांगावं का, हेही तिला ठरवता येईना. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं.

डिसेंबरात संप मिटला, पार्सल पोचलं. फ्रीझनने पाचपैकी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं: 'महिनाभर उशीर. वर दोन्ही डाव्या हाताचे. उजवा हात खिशात घालून फिरतोय.'

व्हर्नाचे कान तापले. माफी कशी मागावी या विचारात तिने किटली चढवली आणि परत येऊन बघते तर तक्रार गायब. जागी निरोप: संपामुळे झालेल्या उशिराची ही तक्रार आम्ही काढून टाकली आहे.

"सुटलीस बाई!" गार्नेट म्हणाला.

"कशातून? त्याचं म्हणणं खरंच होतं की."



तक्रार परत लावा, असं तिने मदत विभागाला कळवलं. तशी सोय नाही, असं उत्तर आलं. मग तिने दोन्ही उजवे हातमोजे माफीच्या चिठ्ठीसकट फ्रीझनला पाठवून दिले.

दहा दिवसांनी त्याचा निरोप आला: 'मिळाले. आता एक जोड बायको घालते. पण माझी तक्रार तुम्ही का पुसलीत?'

'मी नाही पुसली,' व्हर्नाने लिहिलं.

'मग कोणी?'

 तिने सहा ओळी लिहिल्या, वाचल्या, तिच्या तिलाच पटेनात, म्हणून पुसल्या. शेवटी लिहिलं, 'मलाही नीटसं कळलेलं नाही,' आणि पाठवून दिलं.