कावाइहुनाला हाक

नकाशा समितीचं ते पत्र मी कॉफीच्या डब्याखाली ठेवलं होतं. रोज सकाळी डबा उचलला की ते दिसायचं आणि मी डबा पुन्हा त्याच्यावर ठेवायचो. पत्र सभ्य होतं. आमच्या गावाखाली समुद्राला लागून तीन पुळणी आहेत. त्यांतल्या मधल्या पुळणीला नकाशात ‘हॅरिसन बीच’ म्हणतात. हॅरिसन हा जुन्या काळी इथल्या कुरणांचा व्यवस्थापक. त्याला पोहता येत नव्हतं एवढीच त्याची आठवण गावात उरली आहे. समितीने लिहिलं होतं की या पुळणीचं मूळ हवाईयन नाव मला ठाऊक असल्याचं त्यांच्या कानावर आलं आहे. ते नाव लहानपणापासून तोंडी वापरलेल्या कुणाचा तरी आवाज टेपवर मिळाला आणि जागेची खात्री झाली, तर नव्या नकाशात ते छापता येईल. नाही तर हॅरिसन आहेच.

मला नाव ठाऊक होतं. जागा ठाऊक नव्हती.

होनोलुलूच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर जुन्या हवाईयन वर्तमानपत्रांची बाडं सांभाळली. त्यांतल्या एका पिवळ्या पानावर आमच्याच गावच्या एका विधवेने नवऱ्यासाठी केलेला विलाप छापला होता आणि त्यात ‘कावाइहुनाची पुळण’ होती. पण तिघींपैकी कुठली? मी उत्तराचे मसुदे करायचो, ‘बहुधा’ आणि ‘माझ्या अल्प मतीप्रमाणे’ यांनी कागद भरायचा, आणि मी तो फाडायचो. माझं हवाईयन हे डोळ्यांचं. शाळेत ही भाषा बोललं की छडी बसायची, म्हणून आईने घरातही ती बंद केली. पुढे मी ती वाचून शिकलो. वाचलेलं मोठ्याने म्हणायची वेळ कधी आली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ती येऊही दिली नाही.

किकिलियाला हे मुळीच पटत नव्हतं. ती चर्चच्या हॉलमध्ये गावातल्या चिमुरड्यांना हवाईयन शिकवते.

“अंकल, माझी पोरं त्या पुळणीवर खेळतात आणि हॅरिसन हॅरिसन ओरडतात,” ती म्हणाली. “एकदा नवा नकाशा भिंतीवर लागला की मी त्यांना काय सांगू? नकाशा खोटा आणि तुमची बाई खरी?”

“नोहेआ आंटींना विचारलं मी. दोनदा विचारलं.”

“मग?”

“विसरल्या असतील. वयही झालंय.”

“आंटी विसरली?” किकिलिया हसत सुटली. “लग्नात कुणी किती डुक्कर खाल्लं ते सांगते ती अजून. कोणाच्या लग्नात, ते विचारू नका, नवरानवरी दोघंही गेली.”

नोहेआ आंटी म्हणजे आमच्या किनाऱ्यावर ऑक्टोपस धरणारी शेवटची म्हातारी. किकिलियाची ती आजेमावशी. दोन्ही वेळा मी तिच्या स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून, टोपी मांडीवर घेऊन बसलो होतो.

“आंटी, मधल्या पुळणीला पूर्वी काय म्हणायचे?”

“पोई घे.” तिने अळूच्या कांद्यांच्या लगद्याचा वाडगा पुढे सरकवला. “आंबट झालीय, पण तुझ्या पोटाला चांगली.”

“घेतो. पण ते नाव…”

“किती वाळलायस रे हानाले. पुस्तकांत खायला काही नसतं का?”

टेपवर एवढंच होतं. म्हणून नकाशा पुढच्या आठवड्यात छापायला जातोय अशी बातमी किकिलियाने आणली, तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं: नाव कुणाला आठवत नाही असं कळवायचं आणि मोकळं व्हायचं. तसं तिला सांगितलंही. ती निघून गेली आणि दुपारी ट्रक घेऊन परत आली. पुढच्या सीटवर आंटी बसली होती, डोक्याला रुमाल बांधून.

“चढ,” आंटी म्हणाली. “आणि ते तुझं यंत्रही घे.”

ट्रक लाव्हाच्या काळ्या धारेपर्यंत जातो, पुढे पाऊलवाट आहे. धारेवरून तिन्ही पुळणी दिसतात. वारा जोरात होता. मी यंत्र छातीशी धरून वाट उतरू लागलो, तशी मागून काठी आपटली.

“कुठे निघालास?”

“खाली. तुम्ही दाखवणार ना, आंटी?”

“हाक मारलीस?”

मी जागच्या जागी थांबलो. कुणाच्या दारात, कुणाच्या जमिनीवर पाय ठेवण्याआधी बाहेर उभं राहून आपण कोण, कुठले, कशाला आलो ते सुरात सांगायचं आणि आतून उत्तर येईपर्यंत हलायचं नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अशा हाका मी शेकड्यांनी वाचल्या होत्या. त्यांच्यावर टिपा लिहिल्या होत्या.

“माझ्या स्वयंपाकघरात येऊन नाव मागतोस,” आंटी म्हणाली. “ते काय माझ्या फडताळात ठेवलंय? ज्याचं आहे त्याच्या दारात माग. मग मी उत्तर देईन.”

“मला येत नाही, आंटी. म्हणजे, कागदावर येतं.”

“मग समुद्राला चिठ्ठी पाठव.”

किकिलियाने माझ्या हातातलं यंत्र काढून घेतलं आणि वारा लागू नये म्हणून आपली टोपी त्याच्यावर धरली. “चालू केलंय हं, अंकल.”

मी हाक मारली. माझं नाव, आईचं नाव, तिच्या डोंगराचं नाव.

“हे कोणासाठी होतं?” आंटीने विचारलं. “खेकडेसुद्धा बिळात गेले नाहीत.”

किकिलियाला हसू आवरेना. मला घाम फुटला होता. आपले उच्चार पुस्तकी आहेत, कुठला तरी स्वर आखूड पडला असेल, टेप ऐकून होनोलुलूतली विद्वान मंडळी काय म्हणतील, सगळं एकदम डोक्यात आलं. मग आईची आठवण झाली. तिला ही हाक येत असणार. माझ्या पाठीवर वळ उठू नयेत म्हणून ती आयुष्यभर गिळून बसली. मी पाय रोवले, डोळे मिटले आणि पोटातून ओरडलो. सूर फाटला, पण थांबलो नाही. मी हानाले, हीनाईचा मुलगा, लाल मातीच्या डोंगराचा, तिरक्या पावसाच्या गावचा. रिकाम्या हाताने आलोय, नाव मागायला आलोय, मला खाली येऊ द्या.

मग वाट पाहणं आलं. नुसत्या लाटा वाजत होत्या.

आणि आंटीने उत्तर दिलं. त्या वाळक्या देहातून एवढा आवाज निघेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. ये, खाली ये, आत ये, असं म्हणत ती स्वतःच वाट उतरू लागली आणि गातागाता काठीने दाखवू लागली. हा खडक म्हाताऱ्याचा गुडघा. ही कपार, हिच्यात ऑक्टोपस निजतो. हा वारा टोपी उडवणारा. पहिल्या पुळणीचं नाव आलं, ती पुढे गेली. दूरच्या तिसरीचं नाव तिने काठी उंचावून घेतलं. मग मधल्या पुळणीच्या काळ्या वाळूत काठी रोवून ती थांबली आणि तिने श्वास संपेपर्यंत एकच नाव लांबवलं.

“कावाइहुनाऽऽ!”

किकिलिया टोपी धरून रडत होती.

“रडू नकोस गं, यंत्रात पाणी जाईल,” आंटी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “बघतोस काय? त्या दोन दगडांच्या मधे जा. कंबरेइतकं पाणी आलं की खाली वाक आणि पी.”

“समुद्राचं पाणी?”

“पी म्हणते ना!”

मी बुटांसकट शिरलो. कंबरेपर्यंत ऊन ऊन खारं पाणी होतं, आणि पायांशी एकाएकी बर्फासारखं गार काही तरी उसळत होतं. मी डोकं बुडवून तोंड उघडलं. गोड! डोंगरावरचा पाऊस लाव्हाच्या पोटातून येऊन समुद्राच्या तळाशी फुटत होता. कावाइहुना, म्हणजे लपलेलं पाणी. आता जागेबद्दल शंकेला वावच नव्हता.

“गोड आहे!” मी पाण्यातूनच ओरडलो. “आंटी, गोड आहे!”

“मला काय सांगतोस? पाणी न्यायचे आमचे भोपळे इथेच भरायचे.”

तसाच निथळत मी बाहेर आलो आणि त्या विधवेच्या विलापातल्या ओळी तिला म्हणून दाखवल्या. ‘कावाइहुनाच्या पुळणीवर तुझा भोपळा अजून ओला आहे’ इथे मी पोहोचलो, तसा आंटीचा हात माझ्या मनगटावर आला.

“हे कुठे मिळालं तुला?”

“वर्तमानपत्रात. फार जुन्या. आपल्याच गावच्या एका विधवेने नवऱ्यासाठी केलेलं.”

“माझी मोठी आत्या ती. घरात सगळे म्हणायचे की तिने गाणं केलं होतं. आम्हाला एक ओळही आली नाही.” ती वाळूत बसली. “परत म्हण. सबंध म्हण.”

मी सबंध म्हटलं. तिसऱ्या वेळेला आंटी माझ्याबरोबर म्हणू लागली. किकिलियाने टेप उलटून दुसरी बाजू लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीआधीच मी उत्तर लिहिलं. मधल्या पुळणीचं नाव कावाइहुना. जागा नक्की आहे, मी तिथलं पाणी प्यायलो आहे. त्यांनी एकच नाव विचारलं होतं. मी खडकांची, कपारींची, वाऱ्याची आणि उरलेल्या दोन पुळणींचीही नावं लिहिली, आंटीचं पूर्ण नाव घातलं आणि टेप सोबत जोडली. मसुदा केला नाही.

पोस्टाच्या खिडकीशी मेलवाइन असते. तिने पाकीट तोललं. “एवढं जड? काय आहे अंकल यात?”

“कावाइहुना,” मी म्हटलं.

“काय?”

मागे रांग उभी होती. मी पुन्हा, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं सांगितलं. मेलवाइनने पाकिटावर शिक्का मारला आणि ते होनोलुलूच्या पिशवीत टाकलं.