ग्रुपवरचा ढावलो

पान पाचवे : रोज थोडा वेळ हिरवळीत फेरफटका मारावा. मन प्रसन्न राहते.

“माह्या नावानं काय लिवलं वं?” चुलीतलं लाकूड मागं ओढत लालीबाईनं विचारलं.

लालीबाईच्या पोराचा फोन सोनूच्या हातात होता. तिनं वाचून दाखवलं, “‘हे प्रकरण वाचून माझ्या मनावरचा ताण खूप कमी झाला. धन्यवाद सर.’”

“मी कवा वाचलं?”

“वाचलं नाई, याडी.” लालीबाईला ती याडी, म्हणजे आईच म्हणायची. “आयकलं तं हाय ना. म्या वाचून नोहोतं दाखवलं का, हिरवळीत फिरा म्हनून?”

“हिरवळीत तं मी दिवसभर आहो. पऱ्हाटी निंदून निंदून कंबर गेली माही. मन काही परसन्न झालं नाई. थे लिव.”

“थे नाई चालत.”

“मंग तूच लिव बापा. तूच लालीबाई.”

सोनूनं बटण दाबलं. मेसेज गेला. लगेच तिनं स्वतःचा फोन काढला आणि स्वतःच्या नावानं उत्तर दिलं : ‘लालीबाई, तुमचा अनुभव खूप प्रेरणादायी आहे.’

लालीबाई चुलीकडं बघत हसली. “कोनं कोनाले शाबासकी देल्ली वं ही?”

*

ग्रुपचं नाव : ताणमुक्त तांडा, वाचन व चर्चा.

सोनू राठोड ही आर्णी तालुक्यातल्या त्या तांड्याची बारावी झालेली सून. एवढ्यावरच तिची निवड झाली होती. गेल्या वर्षीच्या कापसाच्या हंगामात फवारणीनं जिल्ह्यात माणसं गेली, अधू झाली, आणि यंदाच्या उन्हाळ्यात यवतमाळहून एक संस्था पुस्तिका घेऊन आली. पुस्तिकेचं नाव ‘मन हलके करा’. तांड्यातल्या बाया तिला टेन्शनचं पुस्तक म्हणत. सोनू झाली ‘वाचनताई’. आठवड्याला एका पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, बायांनी तो वाचायचा, मग चर्चा करायची, आणि ती चर्चा आर्णीच्या ऑफिसात धम्मदीप सरांनी बघायची.

चर्चा काही होईना. कुणाचा फोन पोराच्या खिशात, कुणाला वाचता येईना, आणि ज्यांना यायचं त्या म्हणत, सोनू, पुस्तकात सगळं बराबर हाय, त्यात आमी काय बोलाव?

म्हणून सोनू रोज दिवेलागणीला घरोघर फिरायची आणि सगळ्यांची चर्चा एकटीच करून यायची. एकदा कंटाळून तिनं शकुबाईच्या फोनवरून लालीबाईशी थोडं भांडणही केलं. त्या दिवशी धम्मदीप सरांचा अंगठा आला : ‘व्वा! अशीच मोकळी चर्चा अपेक्षित आहे.’

*

पान अकरावे : मनात साचलेले बोलून टाकावे. बोलल्याने दुःख हलके होते.

हे पान वाचायला सोनू बसंतीबाईच्या दारात बसली, तेव्हा तिला जरा चोरट्यासारखंच वाटत होतं.

बसंतीबाईचा नवरा भावसिंग गेल्या वर्षी फवारणीतूनच गेला. यवतमाळच्या दवाखान्यातून त्याला आणलं त्या दिवशी तांड्यात टीव्हीवाल्यांच्या गाड्याच गाड्या. बंजाऱ्यांत बाई नुसती रडत नाही. ती ढावलो घालते. गळ्यात गळा घालून, सुरात, गेलेल्याचं एकेक सांगत रडते, आणि जिच्या गळ्यात पडली तिनं सुरातच जबाब द्यायचा असतो. जबाब आला की मग पहिलीला थांबता येतं. बसंतीबाईनं नुकता सूर लावला होता. लालीबाई तिच्या गळ्यात पडायला पुढं येत होती. तेवढ्यात कॅमेरावाला पोरगा म्हणाला, “बाई, एक मिनिट. उजेडात या जरा. आता रडा, पुन्हा पयल्यापासून.”

बसंतीबाईनं तोंड मिटलं.

ते मिटलंच. दिवसपाण्याला उघडलं नाही, दिग्रसहून भाऊ आला तेव्हा उघडलं नाही. भाऊ हात पसरून गळ्यात पडायला आला, तर हिनं चहाची कपबशी मधे धरली. त्यानंतर कुणा बाईला तिनं हातभर अंतराच्या आत येऊ दिलं नाही. सगळं करायची, बोलायचीही. पण तांड्यातल्या म्हाताऱ्या म्हणत, बसंती आतून वाळून राह्यली.

“बोलून टाका म्हनते?” सोनूचं वाचन संपल्यावर तिनं विचारलं.

“व्हय काकी.”

“कोनापाशी?”

“ग्रुपवर. आपल्या बाया हायेत, अन् एक सर.”

“कॅमेरा?”

“नाई. नुसता आवाज जाते. हे माइकचं चित्र दाबून धरायचं अन् बोलायचं.”

बसंतीबाईनं फोन हातात घेतला. फोन भावसिंगचा. तिनं अंगठा त्या चित्रावर ठेवून पाहिला, उचलला.

“जाय तू आता,” ती म्हणाली.

*

सकाळी उजाडताना ग्रुपवर आवाज आला. सगळ्यांच्या फोनवर नाव उमटलं : भावसिंग.

लालीबाईनं ऐकलं ते असं : हा आमच्या आजीच्या वेळचा सूर आहे. बसंती सांगते आहे, तू डोक्याला बांधलेला रुमाल अजून ओलाच आहे. मी तो धुतला, उन्हात घातला, तरी वास जात नाही. पांढऱ्या फुलासाठी गेलास, आणि परतताना तुझ्या तोंडाला पांढरा फेस. आता कुणाच्या गळ्यात पडू, गळा दे कुणीतरी.

सोनूनं ऐकलं ते असं : अर्धेच शब्द कळले, बाकीचे जुन्या बोलीतले. रडणं मात्र सगळंच कळलं.

आर्णीच्या ऑफिसात ऐकलं ते असं : एक बाई अनोळखी भाषेत आक्रोश करते आहे. थांबत नाही. काहीतरी भयंकर घडलं आहे, किंवा घडतं आहे.

*

बाया विळे घेऊन निंदायला निघाल्या होत्या, तेव्हा चिखलातून वाट काढत एकशे आठ नंबरची ॲम्बुलन्स तांड्यात शिरली. पोरं मागं धावली. पांढऱ्या कोटातला एक जण उडी मारून उतरला.

“पेशंट कुठं हाय?”

“कोन पेशंट?”

“बसंतीबाई. इख घेतलं म्हणून आर्णीच्या ऑफिसातून फोन आला.”

बसंतीबाई ओट्यावर बसून मिश्री लावत होती. तिनं बोट तोंडातून काढलं, थुंकली, आणि शांतपणे विचारलं, “मी मेली काय?”

“तसा फोन हाय, बाई.”

“माय वं! अन् मलेच नाई सांगतलं कोनं.”

पहिली लालीबाई हसली. मग सगळ्याच. डॉक्टर ओशाळून चाकांकडं बघू लागला. बसंतीबाईनं तोंड धुऊन चहा ठेवला आणि त्याच्या हातात कप देत म्हणाली, “घ्या. मेलेल्या मानसाच्या हातचा हाय.”

सोनू मात्र हसत नव्हती. तिचा फोन सारखा थरथरत होता. आर्णी. आर्णी. पुन्हा आर्णी. तिसऱ्यांदा तिनं उचलला, नुसतं “हो सर, हो सर” म्हणाली, आणि तिथंच उभ्या उभ्या ग्रुपवर लिहिलं :

‘कृपया असे ऑडिओ कोणीही टाकू नयेत. फक्त पुस्तिकेवर चर्चा करावी. – वाचनताई’

*

दुपारी लालीबाई ओळीतून उठून सोनूसमोर येऊन उभी राहिली. विळा हातातच.

“माह्या पोरानं वाचून सांगतलं. तूच लिवलं काय थे?”

“वरून सांगतलं, याडी.”

“वर कोन राह्यते? देव?”

सोनू खाली बघून गवत उपटत राहिली.

“मी जबाब देनार होती,” लालीबाई म्हणाली. “सकाळपासून सूर जुळवून राह्यली होती मनात. थिनं एक साल गिळून ठेवलेलं तोंडाबाहेर काढलं. जबाब भेटला नाई तं थे परत आत जाईन, अन् मंग थिले तुही कोनतीच गाडी नाई पुरनार. हे तुह्या पुस्तकात नाई लिवलं का?”

“नाई.”

“मंग कायचं पुस्तक हाय थे!”

पलीकडच्या टोकाला बसंतीबाई एकटी निंदत होती. सकाळचं हसू केव्हाच गेलं होतं. तोंड पुन्हा मिटलेलं.

*

पान सोळावे : वरिष्ठांशी शांतपणे संवाद साधावा.

दुसऱ्या दिवशी सोनूला आर्णीला बोलावलं. ऑफिसात पंखा होता, पण लाइट नव्हती. धम्मदीप सर तिच्याहून वयानं लहान. वाईट माणूस नव्हता. बाहेरगावच्या साहेबांशी बोलताना तोही नुसतं “हो सर, हो सर” म्हणायचा.

“सोनूताई, समजून घ्या. वर रिपोर्ट गेला. ते म्हणतात, अशा ऑडिओनं ताण वाढते. बाकीच्या बायांवर परिणाम होते.”

“झाला ना परिणाम. सगळ्या आयकून राह्यल्या होत्या. पह्यल्यांदा.”

“दोनच गोष्टी आहेत. एक तं बसंतीबाईले ग्रुपमधून काढा…”

“नाई काढत.”

“…नाही तं सेटिंग बदला. फक्त ॲडमिन बोलू शकते, असं. नवीन आलं आहे ते. तुम्ही पानं टाकत जा. चर्चा तुम्ही आतापर्यंत करत होत्या तशी करून घेऊ काही तरी.”

सोनूनं मान वर केली. “म्हंजे?”

सर जरा हसले. “लालीबाई ‘मनावरचा ताण’ म्हणत नाहीत, ताई. मले माहीत होतं. ऑफिसात सगळ्यांले माहीत होतं.”

आधी लाज. मग त्या लाजेच्या मागून दुसरंच काहीतरी, ज्याला पुस्तिकेत पान नव्हतं.

“उन्हाळ्यापासून मी सगळ्यांच्या नावानं खोटं बोलली,” ती म्हणाली, “थे तुमची चर्चा. अंगठे देल्ले तुमी. अन् एक बाई सोताच्या तोंडानं बोलली तं ॲम्बुलन्स?”

“तुमचं म्हणणं बरोबर आहे…”

“मंग बराबर म्हनून लिवा ना वर.”

सर लिहिणार नव्हते. त्यांनी टेबलावरची पुस्तिका सरळ केली. “संध्याकाळपर्यंत सेटिंग करून टाका, ताई. नाही तं ग्रुपच बंद करतीन. तुमची नेमणूकही.”

“करते,” सोनू म्हणाली.

*

आर्णीचा स्टॅण्ड. तांड्याकडची गाडी यायची होती. शेजारी संत्र्यांची टोपली, टोपलीशेजारी झोपलेला म्हातारा. सोनूनं फोन उघडला.

फक्त ॲडमिन बोलू शकतात.

बरं.

तिनं लालीबाईच्या नावावर बोट दाबून धरलं. फोननं विचारलं, यांना ॲडमिन करायचं का? हो. शकुबाई? हो. मग पुढची. मग तिच्या पुढची. ग्रुप सोनूनंच उघडलेला, त्यामुळं तिला अडवणारं कुणी नव्हतं. एकेक नाव यायचं, फोन विचारायचा, ती हो म्हणायची. इतके हो तिनं आयुष्यात सलग म्हटले नव्हते, लग्नातसुद्धा.

भावसिंग. यांना ॲडमिन करायचं का?

इथं तिचं बोट थांबलं. म्हातारा कूस बदलून झोपला. सोनूनं हो केलं.

शेवटी राहिलं एक नाव. धम्मदीप सर आधीपासूनच ॲडमिन होते. तिनं त्यांना त्या जागेवरून खाली उतरवलं. ग्रुपमधून काढलं नाही. मग सांगितलेली सेटिंग केली आणि सरांना वेगळा मेसेज पाठवला :

‘सर, तुम्ही सांगितले तसे केले. आता फक्त ॲडमिन बोलतील.’

गाडीत बसल्यावर तिनं ग्रुपवर माइकचं चित्र दाबलं. लिहायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. “बायांनो, मी सोनू. काल म्या लिवलं थे खोटं होतं. ज्याले जे बोलायचं थे बोला. ज्याले जबाब द्यायचा त्यानं द्या.” कंडक्टर तिकीट तिकीट ओरडत होता, तोही त्यात गेला.

*

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुटीत, बाया बांधावरच्या बाभळीखाली बसल्या. बसंतीबाई नेहमीसारखी लांब, शेताच्या दुसऱ्या टोकाला. मधे सगळी पऱ्हाटी, पात्या म्हणजे कळ्या धरलेली कपाशी.

लालीबाईनं भाकरी बाजूला ठेवली. पोराचा फोन आज तिनं भांडून आणला होता. “कुठी दाबू?” सोनूनं बोट धरून दाखवलं.

मग लालीबाईनं सूर लावला. इतक्या जवळून सोनूनं तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. पलीकडच्या धुऱ्यापर्यंत तो तसाही पोचला असता, पण लालीबाई ओरडली नाही. फोन तोंडाशी धरून ती हळू गायली, जणू गळ्यात गळा आहे. घे माझा गळा, घे. आमी बी आयकला त्याचा खोकला. आमी बी धुतले रुमाल.

मेसेज गेला.

सगळ्या तिकडं बघत राहिल्या. दूरवर बसंतीबाईनं कमरेतून फोन काढला. कानाला लावला. बराच वेळ ती नुसती पाठ होती. मग ती पाठ हलू लागली.

आणि ग्रुपवर नाव उमटलं : भावसिंग.

शेताच्या दोन टोकांना दोघी रडत होत्या आणि मधे कुणी नव्हतं. मग शकुबाईनं फोन मागितला. मग आणखी एकीनं. कुणी भावसिंगसाठी रडलं, कुणी आपल्या लग्न होऊन पांढरकवड्याकडं गेलेल्या पोरीसाठी, आणि एकीनं नुसत्या मेलेल्या बैलासाठी ढावलो घातला, तेव्हा रडता रडता हसूही फुटलं.

सोनूचा फोन वाजला. धम्मदीप सर.

“ताई, मले ग्रुपवर काही लिहिता येऊन नाही राह्यलं.”

“व्हय सर. तुमाले फक्त आयकता येते.”

पलीकडून ऑफिसचा पंखा ऐकू येत होता. लाइट आली असावी.

“अन् हे किती दिवस?”

“थे बायाच ठरवतीन. ॲडमिन थ्या हायेत.”

“वरून विचारलं तं मी काय सांगू?”

“सांगा, चर्चा चालू हाय.”

“तुमची जागा जाईन, सोनूताई.”

“जाऊ द्या. म्या काय एवढ्या बायांचं एकटीनं बोलत राहाव काय?”

सरांनी फोन ठेवला. ग्रुपमधून ते गेले नाहीत, हे सोनूनं बघितलं.

ऊन कलल्यावर बाया पुन्हा ओळीला लागल्या. बसंतीबाई पलीकडच्या टोकावरून उठली, पऱ्हाटीतून सरळ चालत आली आणि लालीबाईच्या शेजारची ओळ धरली. अगदी खेटून. दोघींच्या कोपरांत वीतभर जागा नव्हती. डोळे सुजलेले, नाक लाल. वाटेनं एक मोटरसायकल गेली, तिच्यावरचा माणूस मान वळवून बघत गेला. बसंतीबाईनं पदर पुढं ओढला नाही. ज्याला बघायचं त्यानं बघावं, अशी ती निंदत राहिली.