निवळीची बाटली

मच्छिंद्र काम संपल्यावर ब्रश कधीच तसे ठेवत नसे. ऑइलपेंटचा ब्रश आधी जुन्या वर्तमानपत्रावर निपटायचा, मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून केस बोटांनी मोकळे करायचे, साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि कागदात गुंडाळून आडवा ठेवायचा. वापरलेलं टर्पेंटाइनही तो फेकत नसे. बाटलीत ठेवलं की रात्रीतून रंग तळाला बसतो आणि वर पाण्यासारखी निवळी उरते. ती दुसऱ्या बाटलीत काढून पुन्हा ब्रश धुवायला घ्यायची. केदारखेड्यातले बाकीचे पेंटरही असंच करत. बाटली कोल्ड्रिंकची.

त्या दुपारी त्याचा चार वर्षांचा पप्पू खेळून आला आणि ओट्यावरची ती बाटली त्याने तोंडाला लावली.

पप्पूची आई वंदना तेव्हा दळणाला गेली होती. ती परतली तेव्हा मच्छिंद्र गाडीला किक मारत होता आणि सासू उषाबाई पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"आत्ताच सापडली का तुला गिरणी? लेकरानं रंगाचं पाणी पिलंय!"

"एकच घोट," मच्छिंद्र म्हणाला. "बस जल्दी."

गाडीवर पप्पू दोघांच्या मधे होता. त्याच्या तोंडाला टर्पेंटाइनचा वास येत होता.

"ओकायला तर न्हाई लावलं ना?" वंदना मागून ओरडली. "टर्पेंटाइनच्या डब्यावर लिहिलंय. ओकताना ते फुफ्फुसात जातं."

मच्छिंद्रने गाडी आणखी जोरात घेतली. "न्हाई."

भोकरदनच्या दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच विचारलं. "उलटी झाली? खोकला?"

"काहीच न्हाई, साहेब," मच्छिंद्र म्हणाला.

"मग संध्याकाळपर्यंत इथेच बघू. ठीक राहिला तर घरी न्या. छाती दाखवा जरा."

वंदनाने पप्पूच्या सदऱ्याची बटणं काढली आणि तिचे हात थांबले. सकाळी तिने त्याला पिवळा टीशर्ट घातला होता. हा सदरा लग्नाकार्यातला, पेटीत ठेवलेला.

"ह्याचे कपडे का बदलले?"

मच्छिंद्र भिंतीकडे बघत राहिला.

"मी काय विचारून राह्यले? पोरगं जाईल आपलं. सांगा!"

"आईनं मीठपाणी पाजलं," तो म्हणाला. "मी बोट घातलं. दोनदा ओकला. वाटलं, बाहेर पडलं तर बरं. मंग तू रस्त्यात तसं म्हणलीस, तर माझं तोंडच उघडंना."

डॉक्टरांनी पप्पूला पाठमोरं वळवलं. पाठीवर उजव्या बाजूला, खाली, त्यांचा स्टेथोस्कोप बराच वेळ थांबला.

"जालन्याला हलवा. आत्ताच. पुढचं इथे होणार नाही."

अँब्युलन्समध्ये पप्पू ऑक्सिजनचा मास्क ओढत रडत होता. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती. वंदनाची नजर तिथून हलत नव्हती. केदारखेड्याचा पूल मागे गेला.

"गप माझ्या राजा, गप," मच्छिंद्र त्याला थोपटत होता.

"गप करू नका त्याला," वंदना म्हणाली. "रडतोय तोवर हवा आत जातीय."

मच्छिंद्रने हात मागे घेतला.

राजूरच्या पुढे पप्पूचं रडणं बारीक झालं. मग मधे मधे तुटायला लागलं. मच्छिंद्रने त्याच्या पायाचा अंगठा चिमटीत धरला.

"रड रे," तो म्हणू लागला. "पप्पू, रड ना. रड, बाळा."