चौदाशे बारा कार्डं

नगरच्या हापिसात तू करतोस तरी काय, असं शिंगणापुरात कोणी विचारलं, की सूर्यभान म्हणायचा, "कार्डं सांभाळतो." खोटं नव्हतं ते. त्याच हापिसातल्या सहादेव सरांनी चार वर्षं खपून लिहिलेला प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या चौदाशे बारा कार्डांवर होता. एखाद्या भाषेचे नियम दिले, की त्या भाषेतला मजकूर वाचून त्याची फोड करणारा दुसरा प्रोग्रॅम तो स्वतःच तयार करी. सर वारले आणि त्याची निगा सूर्यभानाकडे आली. चूक सापडली, की तो कार्ड बदली, मध्ये नवं घाली. यंत्र कार्डं क्रमानेच वाची, एक जरी इकडचं तिकडे झालं तर प्रोग्रॅम बंद; पण क्रम डोक्यात होता म्हणे! कार्डांवर अनुक्रमांक घालायचं काम तेवढं तीन वर्षं उद्यावर गेलं. क्रम चुकला तर दिसावा म्हणून सरांनी गठ्ठ्याच्या कडेवर ओढलेली तिरपी रेघही नव्या कार्डांनी मोडून टाकली होती.

सोमवारी पुण्याच्या यंत्रावर पाऊण तास मिळाला होता. प्रोग्रॅम चालला तर राहील, नाहीतर कार्डं रद्दीत, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. हापिसातली दुसरी प्रत झाडणाऱ्याने आधीच रद्दीत घातली होती. म्हणून शनिवारी सूर्यभानाने कार्डांचं खोकं घरी आणलं. घराला दार नव्हतं, पण गावात चोरी होत नाही, यावर त्याचा सरकारी कुलुपापेक्षा जास्त भरवसा.

रविवारी दुपारी तो पाणी घेऊन आला, तर त्याची आई झुंबरबाई खोक्याला सुतळी बांधत होती.

"अरं, शेजारची शेळी शिरली हुती. दुष्काळात कागद बी सोडंनात. खोकं पाडलं, पर मी हाकलली. समदी कार्डं गोळा केली. मोजून बघ, एक बी गेलं न्हाई."

सूर्यभानाने सुतळी सोडली.

"आये, ही लावली कशी?"

"पत्रावळी लावतो तशीच की. धडकी वर, चाळन झालेली खाली. दोन घंटे बसले हुते."

जत्रेला पत्रावळी लावण्यात झुंबरबाईचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. काम चोख होतं. कमी भोकांची कार्डं वर, जास्त भोकांची तळाला, कापलेले कोपरे सगळे एका बाजूला. सूर्यभानाने मोजली. चौदाशे बारा भरली. क्रम मात्र एकाचाही राहिला नव्हता. राग आईचा नव्हता, स्वतःचाच होता.

"सायबाचं काम व्हईल ना रं उद्या?"

"व्हईल," तो म्हणाला.

आई पाणी गाळायला गेली. त्याने एकेक कार्ड उजेडाकडे धरून भोकं वाचायला घेतली. तासाभराने सरांचं नाव असलेलं कार्ड सापडलं. ते पहिलं, एवढं नक्की होतं. ते त्याने वेगळं ठेवलं. त्याच्यानंतर कुठलं येतं, ते त्याला आठवेना.