बाईसाहेबांचं पोट

आमच्या घरात आवाज चढवायची मुभा दोघांनाच होती, बाबांना आणि बाबांच्या गाडीला. गाडी कित्येक वर्षांपूर्वी गप्प बसली. बाबा कसले बसतात!

गाडीला ते बाईसाहेब म्हणतात. दोन माणसांपुरती, बिनछताची, जमिनीला पोट टेकेल की काय इतकी बुटकी लाल स्पोर्ट्स कार. तिच्यात बसायला कमरेतून वाकावं लागतं आणि उतरायला दुसऱ्याचा हात लागतो. इंजिन जाम झालं तेव्हापासून ती गॅरेजात जुन्या चादरीखाली पडून होती आणि बाबा येईल त्या पाहुण्याला चादर वर करून दाखवत होते. टेकडीच्या चढणीवर हिला कसं पिटाळायचो, समोरचे कसे घाबरून बाजूला व्हायचे, ही कथा मी इतक्यांदा ऐकली आहे की मध्येच बाबांना ठसका लागला तर पुढचं मी पुरं करते. कथेत एक खलनायकही आहे, बेकरीची गाडी. ब्रेडने भरलेला तो पत्र्याचा डबा रोज सकाळी चढणीवर बाबांना मागे टाकायचा, वर हॉर्न वाजवायचा. "त्या माणसाच्या अंगात सैतान होता," बाबा सांगतात. "नाहीतर बाईसाहेबांना ओलांडणं शक्य तरी आहे का?"

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. लायसन्सची मुदत संपत आली होती, पुन्हा मिळायचं नाही हे उघड होतं. बाबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, मुदत संपायच्या आत एकदा टेकडी चढायची आणि तीही बाईसाहेबांतून. आता इंजिन कोण उघडणार? मी. मी लिफ्ट दुरुस्त करते, त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र मला यायलाच हवं आणि माझी साठलेली रजा ही घरची मालमत्ता, असं बाबांचं साधं गणित.

मी इंजिन बाहेर काढून टेबलावर चढवलं. बाबा शेजारी स्टुलावर बसून मार्गदर्शन करू लागले. पाना मागितला की पकड द्यायचे, पकड मागितली की उपदेश. उभ्या आयुष्यात त्यांनी बॉनेट उचललेलं नाही. "माझं काम चालवायचं, आत डोकवायचं नाही," हे वर अभिमानाने. आई गॅरेजात पाऊल टाकायची नाही. चहा उंबऱ्यावर ठेवायची आणि म्हणायची, "विचार गं, बाईसाहेब घेणार का थोडा?" सवतीला विचारावं तसं विचारायची.

एके दुपारी जाम झालेला पिस्टन लाकडी ठोकळा ठेवून मी हळूहळू ठोकत होते. इतका वेळ बाबा गप्प आहेत हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"एक सांगू?" ते म्हणाले. "आईला बोलू नकोस. बेकरीवाल्याच्या अंगात सैतान वगैरे काही नव्हतं. माझ्याच पायाने कच खाल्ली होती. तुझ्या जन्माच्या सुमाराची गोष्ट. आधी चढणीवर गाडी नुसती उडायची. मग एकदम काय झालं कुणास ठाऊक, मी जोरात दाबतोय असं मला वाटायचं, पण गाडी काही जायची नाही. म्हणजे पायच दाबत नसणार ना? आतून घाबरलेला माणूस. ज्याला त्याला मर्दुमकीच्या गोष्टी सांगत फिरलो, पण मला माहीत होतं." त्यांनी हातातली पकड उगाच उघडली, मिटली. "एकदा न घाबरता चढू दे. मग किल्ली तुझी."

मी ठोकायची थांबले. माझे बाबा आणि घाबरणं! मला रडू यायला लागलं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले की जरा उजेडातून बाजूला व्हा.

बाईसाहेबांच्या मॉडेलचे म्हणून मागवलेले नवे पिस्टन आले. आत जातच नव्हते. वरून ठेवले तर सिलिंडरच्या तोंडावर नुसते बसून राहिले, घागरीवर ताट ठेवावं तसे. मी सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन लावून यथेच्छ झाडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, इंजिनाच्या कुशीला ओतीव नंबर असेल, तो वाचा." मी काजळी खरवडून वाचला. पलीकडून हसू ऐकू आलं. "ताई, कंपनी एकच, बाहेरून रूपही एकच. पण हे स्पोर्ट्सचं इंजिन नाही हो. माल वाहायच्या गाडीचं आहे. याचं काम ओझं वाहायचं, पळायचं नाही."

मी तशीच काळ्या हातांनी स्वयंपाकघरात गेले. आई शेंगा सोलत बसली होती. बाबा आत झोपले होते.

"आई, बाईसाहेबांच्या पोटात दुसऱ्याच कुणाचं इंजिन आहे."

आईने मान वर केली नाही. "सापडलं का एकदाचं?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, माझ्या माघारी सापडेल."

मग तिने सांगितलं, भाजीचा भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात. मी पोटात होते, दिवस भरत आले होते. टेकडीच्या मोठ्या वळणावर बाबांनी गाडी अशी घातली की एक चाक हवेत. आई दोन्ही हातांनी पोट धरून ओरडत होती आणि बाबा हसत होते. त्यांना वाटलं, तिला मजा येतेय. सांगून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी गाडी कामासाठी गॅरेजवाल्याकडे गेली तेव्हा आईच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिथे बेकरीची गाडीही इंजिन उतरवून पडली होती. गॅरेजवाल्याने आईच्या पोटाकडे पाहिलं आणि दोन्ही इंजिनांची अदलाबदल करून टाकली. बाईसाहेबांच्या इंजिनावरचं चकचकीत झाकण तेवढं पुन्हा वर बसवलं.

"म्हणजे बेकरीवाला..."

"फार खूश होता तो. ब्रेड गरम पोचायला लागला."

मला हसू फुटलं आणि लगेच जिरलं. "आई, बाबांना काय वाटतं माहितेय? ते भित्रे झाले, असं वाटतं त्यांना. तेव्हापासून." बोलू नकोस म्हणाले होते, पण हे पोटात ठेवणं माझ्याच्याने होईना.

तिचा हात थांबला. "असं म्हणाले?"

"हो."

"पण ते तर येणाऱ्याजाणाऱ्याला... अगं, मला वाटलं, लेक आली, शहाणपण आलं!" तिने अर्धी सोललेली शेंग भांड्यात टाकली, पदराला हात पुसले आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटायचंही भान तिला राहिलं नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

आईचं सांगून झालं तसे बाबा गरजले, "म्हणजे तो नालायक माझ्याच इंजिनावर बसून मला हॉर्न वाजवत होता?"

"हो."

मग अगदी बारीक आवाज आला, बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "म्हणजे मी घाबरलो नव्हतो."

"नाही हो," आई म्हणाली. "मी घाबरले होते."

पुढे कितीतरी दिवस बाबा तिच्याशी बोलले नाहीत. "तुझ्या आईला सांग, मीठ दे," अशी माझ्यामार्फत बोलणी. बेकरीची गाडी केव्हाच भंगारात गेली होती, खरं इंजिन मिळायची आशा नव्हती. मी विचारलं, मग काय करू, आवरू का सगळं? बाबा स्टुलावर येऊन बसले. "बांध तेच," ते म्हणाले. "बेकरीचं असलं तरी इतकी वर्षं आपल्या घरात राहिलंय." त्या दिवशी मी पाना मागितला आणि त्यांनी चक्क पाना दिला.

मी या इंजिनाच्या मापाचे पिस्टन मागवून बसवले. इंजिन सुरू झालं त्या सकाळी आई पहिल्यांदा गॅरेजात आली. पदर खोचला, कमरेतून वाकली आणि बाबांच्या शेजारी जाऊन बसली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. दोनच सीट, म्हणून मी मागून स्कूटरवर. चढणीवर आम्हाला एका शाळेच्या बसने मागे टाकलं, मागच्या काचेतून पोरं हात हलवत होती. बाबा चिडून दाबत होते, ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. गाडी मात्र ओझं वाहायच्या चालीनेच चढत होती, हलवायाच्या पोटासारखी हलत डुलत. एवढ्याशा वेगात खरं तर भ्यायला काही नव्हतंच. तरी मोठं वळण आलं आणि मागचे लाल दिवे लागले. बाबांनी ब्रेक दाबला होता. वळण आम्ही जवळजवळ पायी चालल्यासारखं घेतलं.

वर पोचल्यावर मी स्कूटर लावली. बाबा स्टिअरिंग धरून तसेच बसले होते.

"वळणावर ब्रेक कशाला?" आईने विचारलं. "हे इंजिन काय पळणार होतं?"

"इंजिनाचा काही संबंध नाही," बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत तिच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. "तू पोटाशी हात नेलास. मी घाबरलो."

आई समोर बघत राहिली. "एवढंच हवं होतं हो मला तेव्हा," ती म्हणाली.

बाबांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. मग धडपडत उतरले आणि वळसा घालून तिच्या बाजूला गेले. तिकडचं दार आतून उघडत नाही, ते दुरुस्त करायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं.