ब्रेक चांगले होते

आरटीओच्या साहेबानं गाडीखाली वाकून वर बघितलं, तर केबिनच्या तळातून आणि टपातून आरपार आभाळ दिसलं. त्यानं फिटनेस नाकारला आणि कल्याणरावांचा ट्रक रिटायर झाला.

कल्याणराव मानवतचे कापसाचे व्यापारी. त्यांचा हा ट्रक पंडित अठ्ठावीस वर्षं चालवत होता. डावं दार दोरीनं बांधलेलं, आणि रिव्हर्स टाकायचा तर दोन हात आणि एक शिवी लागायची. ब्रेक तेवढे पंडितनं जिवापाड जपले होते.

"पंडित, उद्या तिला परभणीला तोडायला नेऊन दे. कागद तयार हायेत," कल्याणराव म्हणाले आणि फोनवर सरकीचा भाव विचारायला लागले. आणखी काहीतरी बोलतील म्हणून पंडित थोडा थांबला. कल्याणरावांनी हातानंच 'काय?' केलं, तेव्हा तो निघाला.

सकाळी त्याची बायको सगुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ट्रकजवळ हजर.

"तू कुठं?"

"तुमच्यासंगं. अठ्ठावीस वर्षं ह्या सवतीपायी जेवणं गार केली मी. कुणीकडं घालवायलाव, डोळ्यांनी बघती."

दोरी सोडून ती आत बसली आणि तिनं दार पुन्हा बांधून घेतलं. धक्क्याशिवाय कधी न उठणारी गाडी त्या दिवशी पहिल्याच चावीला चालू झाली. पंडितला ते लागलं. "आजच बरं गुण यायलाय हिला!"

मानवत सोडून चार मैल गेले नसतील, तोच एका म्हशीसाठी पंडितनं हॉर्न दाबला. म्हैस गेली, हॉर्न काही थांबेना. पंडितनं एक वायर ओढली, तर नऊ वर्षांत न हललेला वायपर फिरायला लागला. दुसरी ओढली, तर लाइटी लागल्या. तिसरीला हात घालायची त्याची छाती झाली न्हाई.

"काय म्हणायलीय ही?" सगुणाबाई कानात बोटं घालून ओरडली.

"मरायचं न्हाई म्हणायलीय!"

लाइटी लावून, वायपर हलवत, बोंबलत येणारा ट्रक बघून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. उसाची ट्रॉली शेतात उतरली. एसटीच्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, "ब्रेक फेल हायेत का रं?" पंडितनं 'न्हाई, न्हाई' म्हणून जोरजोरात हात हलवला. ड्रायव्हरला वाटलं, ब्रेक न्हाईत म्हणायलाय. त्यानं पुढच्या गावात फोन लावला.

पुढच्या गावात रस्ता झाडून मोकळा. बैलगाड्या आडोशाला, बाया गच्चीवर, आणि रस्त्याच्या मधोमध वाळूच्या पोत्यांची भिंत. एवढी माणसं बघून पंडितनं ब्रेकवर पाय ठेवला आणि ट्रक पोत्यांपासून हातभर अंतरावर गुमान उभा राहिला.

क्षणभर नुसता हॉर्नच वाजत होता. मग गावानं जी आरोळी ठोकली, तिच्यात हॉर्नही बुडाला. पंडितला खिडकीतून ओढून काढलं. सगुणाबाईला बायांनी दोरी कापून उतरवलं.

त्या दिवशी तिथल्या रस्त्यालगतच्या शाळेत आश्रुबा गुरुजींचा निरोप समारंभ होता. शाल, नारळ, मांडव, सगळं तयार. गुरुजींनी स्वतःच्या अंगावरची शाल पंडितच्या खांद्यावर टाकली. "मी आयुष्यभर फक्त पोरं पास केली. ह्या माणसानं आज गाव वाचवलं!"

पंडित ओरडत होता, "गुरुजी, ब्रेक चांगले हायेत!" पण हॉर्नपुढं कोण ऐकतो? एवढ्यात बॅटरी बसली. हॉर्न घोगरा झाला, कण्हला, थांबला. सारं गाव चिडीचूप. पंडितला वाटलं, हीच वेळ.

"मंडळी," तो हात जोडून म्हणाला, "खरं सांगतो. ब्रेक चांगले होते. मी नुसता पाय ठेवला."

गुरुजींचे डोळे भरून आले. "बघा! गर्वाचा लवलेश न्हाई." टाळ्या थांबेनात. पंडित पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात सगुणाबाईनं कोपर मारलं.

"गप बसा. अठ्ठावीस वर्षांत कुणी पाणी तरी इचारलं का तुमाला? घ्या की शाल!"

पंडितनं शाल सावरली. नारळ घेतला. त्याला भाषण करायला सांगितलं, तेव्हा 'गाडी लय गुणाची होती' एवढंच बोलला. मग गावानं पोती हटवली आणि दोनशे हातांनी ट्रक ढकलून चालू करून दिला.

परभणीबाहेर, गाड्या तोडायच्या आवारात मालक बन्सीधर यांनी कागद तपासले. लोखंडाच्या ढिगाऱ्यांमधून वाट काढत पंडितनं ट्रक आत लावला आणि चावी त्यांच्या हातात दिली.

"आठवण म्हणून काही काढून घेता का?"

पंडितनं नको म्हणून मान हलवली. त्याच्यानं बघवत न्हवतं. पण सगुणाबाईनं पाना मागून घेतला, पदर खोचला आणि बाजूचा मोठा आरसा नट फिरवून काढला.

"न्हाणीत लावीन. आमच्या आरशात निम्मंच तोंड दिसतं."

आता त्या आरशासमोर रोज सकाळी भांडण असतं. पंडितला दाढी करायची असते, आणि सगुणाबाईची वेणी काही आटपत न्हाई.